जावयाचं सिमवालं घड्याळ

...आणि ती पोरगी विचारते काय, तर ‘काका, जावयांचं मनगट किती मिलिमीटरचं आहे?’ आता तुम्हीच सांगा, कुठल्या सासऱ्याला जावयाच्या मनगटाचं माप पाठ असतं हो? मुलाचं शिक्षण विचारलं, मामा कुठले ते विचारलं, विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती राहतं तेसुद्धा विचारलं, छत्तीसातले सव्वीस गुण जुळवले... पण मनगट? मनगट कोणी विचारतं का? आमचे सुकदेवनाना म्हणजे सावद्याचे केळीवाले, झाडावरच्या घडाकडे लांबून नजर टाकून वजन सांगणार आणि काट्यावर ते बरोबर निघणार, असा माणूस! पण त्या जळगावच्या दुकानात, फुले मार्केटच्या जवळ, बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत दात वाजतील इतका एसी, त्या काचेच्या टेबलापुढे नाना स्वतःचंच मनगट चाचपत बसले. घड्याळ घ्यायला गेला होता हो माणूस! घड्याळ!

थांबा, मुळापासून सांगतो. नानांची एकुलती एक मेघा, तिचं जमलं शिंदखेड्याच्या ललितशी. मुलगा धुळ्याला लाइनमन, विजेच्या खांबावर चढून काम करणारा, घरी कापूस, नाव ठेवायला जागा नाही. मुलाचे वडील झुलालआबा. पांढऱ्या मिशा, पांढरी टोपी, आणि आवाज असा, तुम्हाला सांगतो, की शिंदखेड्यात खोकले तर दोंडाईच्यात लोकांनी दार उघडून बघावं. बैठकीत सगळ्यांसमोर मांडीवर थाप मारून म्हणाले, “नाना, आमले काहीच नको! देवनी बठ्ठं दिधेल शे! मना आंडोर ललित पहाटे चारले उठस, दिवसभर बूड टेकत नही! फक्त साखरपुडामा त्येना हातमा एक घड्याय बांधा, बस!”

आता आमच्याकडे ही रीतच आहे. साखरपुड्यात मुलीच्या बापानं स्वतःच्या हातानं जावयाच्या मनगटावर घड्याळ बांधायचं, आणि ते बांधताना दोन्हीकडचे दोनशे पाहुणे माना लांब करून बघणार, बायका मागून विचारणार, ‘कोणत्या कंपनीचं गं?’ म्हणजे बापाची सगळी पत त्या दिवशी त्या एवढ्याशा पट्ट्यावर टांगलेली! मेघा म्हणाली, “पप्पा, साधं नका घेऊ, स्मार्टवॉच घ्या.” नाना म्हणाले, “घेऊ की, त्यात काय!” त्यात काय... असं म्हणाले ते! त्यांना वाटलं, काटे नसलेलं घड्याळ असेल.

तर ती दुकानातली भूमिका. नाव भूमिका, वय बावीस, आणि बोलण्याचा वेग असा की आगगाडी मागे पडावी. “काका, बेचाळीसचं की सेहेचाळीसचं?” नाना म्हणाले, “सव्वीस वर्षांचा आहे तो.” “वय नाही हो काका, डायल!” मग मनगटाचं माप. नानांनी लावला फोन शिंदखेड्याला. “आबा, जरा ललितरावांचं मनगट मोजून सांगता का?” पलीकडून असा आवाज की भूमिकेनंही कानावर हात ठेवला, “नाना! घड्याय लेवाले जायेल शेतस का बेड्या लेवाले?”

झालं! माप राहिलं बाजूला. नानांनी डोळे मिटले, ललितराव आठवले, आणि घडाच्या दांड्याचा अंदाज घ्यावा तसा हवेत अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं, “एवढं.” भूमिका म्हणाली, “सेहेचाळीस.” एक प्रश्न सुटला. आणि मग सतरा निघाले! गोल की चौकोनी, पट्टा रबराचा की चामड्याचा की जाळीचा, नाडी मोजणारं की नाडी आणि ऑक्सिजन दोन्ही मोजणारं... “ऑक्सिजन कायले?” नाना हादरले. “मुलगा चांगला धडधाकट आहे, बाई!” “असू द्या ना काका, आणि हे ताणपण मोजतं.” “ताण? लग्नाच्या आधी कायले मोजायचा? मले सांग, यात टाइम दिसतो ना?” “दिसतो की! पण हात वर केला की दिसतो.” “आणि खाली असला तर?” “तर झोपतं.” “कोण, जावई?” “स्क्रीन हो काका, स्क्रीन!”

आणि ऐका, पुढे तर कहरच. म्हणते, “यात माणूस पडला की घरच्यांना आपोआप फोन जातो.” नाना जरा पुढे वाकले, आवाज खाली आणला, “कसाही पडला तरी?” “कसाही.” “म्हणजे... पिऊन पडला तरी?” “काका, ते कशानं पडला ते नाही विचारत, फक्त पडला ते सांगतं.” नानांना पहिल्यांदा त्या यंत्रात काहीतरी अर्थ दिसला. मुलगा निर्व्यसनी आहे, प्रश्नच नाही, पण बाप तो बाप! घड्याळ घ्यायला गेला होता हो माणूस, आणि जावई कुठे पडतो ते शोधत बसला!

शेवटी आला तो प्रश्न. सिमवालं की बिनसिमचं? सिमवालं म्हणजे फोन घरी राहिला तरी फोनवर येणारा कॉल इकडे हातावर वाजणार, हातावरच बोलायचं, आणि नाडी, झोप, पावलं, सगळा हिशेब माणूस कुठेही असो, ज्या फोनला घड्याळ जोडलंय त्या फोनवर येत राहणार. नानांच्या डोळ्यांपुढे दोनशे पाहुणे आले. त्यांच्यासमोर जावयाचं मनगट वाजतंय, जावई मनगटाशी बोलतोय, शिंदखेड्याच्या बायका बघतायत... “सिमवालं! सगळ्यात वरचं दे!”

“कोणाच्या फोनला जोडू? जावयांचा फोन आणलाय?”

इथे, बघा, इथे घात झाला. नाना म्हणाले, “माझ्याच फोनले जोड. माल वापरून पाहिल्याबिगर मी पुढे देत नाही.” केळीवाल्याची खोड! ज्या माणसानं तीस वर्षं प्रत्येक बागेतलं एक केळ सोलून, दाताखाली घालून, मगच गाडी भरली, तो जावयाला न चाखता घड्याळ देईल? शक्य तरी आहे का? भूमिका बिचारी तीनदा म्हणाली, “काका, देताना आधी तुमच्या फोनमधून काढा हं, नाहीतर ते तुमचंच राहील.” नानांनी तीनदा मान हलवली. मान हलवायला काय लागतं!

चार दिवस नानांनी ते घड्याळ असं चाखलं, असं चाखलं... केळीच्या कटाईवर घालून गेले, चिकाचे डाग पडले, ते गोडेतेलानं पुसले. पाण्यात चालतं म्हणाली होती म्हणून केळी धुतात त्या तुरटीच्या टाकीत कोपरापर्यंत हात बुडवून दहा मिनिटं उभे राहिले. मजूर बघतायत, नानांचा हात टाकीत, नजर आभाळाकडे. भावाची घासाघीस चालली की घड्याळ थरथरायचं, ‘तुमचा ताण वाढला आहे, दीर्घ श्वास घ्या.’ नाना समोरच्या व्यापाऱ्याला म्हणायचे, “थांब,” दीर्घ श्वास घ्यायचे, आणि पन्नास रुपये वाढवून मागायचे. माल पास झाला. डबीत घातला, डबीला हळदकुंकू लावलं.

साखरपुडा झोकात! नानांनी घड्याळ बांधलं, टाळ्या पडल्या, ललितरावांनी हात वर केला आणि काचेवर अक्षरं उमटली, ‘नमस्कार, सुकदेव!’ पाहुण्यांना वाटलं, वा, सासऱ्याचं नाव कोरून घेतलंय! ललितरावांना वाटलं, सासऱ्यांनी स्वतः लावून दिलंय, आपण कशाला हात लावायचा, वाईट वाटेल. आणि नानांना काय वाटलं? नानांना फक्त छान वाटलं. फोनमधून काढायचं होतं ते कोणाच्या बापाला आठवतंय!

तिसऱ्या दिवशी दुपारी नाना तीन बागा पायी फिरून आले, पाय तुटलेत, खाटेवर बसतात तोच फोन किणकिणला. ‘आज तुम्ही फक्त ४१२ पावलं चाललात. उठा!’ नाना ओरडले, “काय? चारशे बारा?” खाली आणखी लिहिलेलं, ‘झोप, अकरा तास चाळीस मिनिटं.’ नानांनी बायकोला हाक मारली, “भिकुबाई, मी रात्री किती झोपलो?” “झोपलात कुठे, आचारी महाग आचारी महाग म्हणून घोरण्यापेक्षा बडबडच जास्त केली.” मग हा अकरा तास झोपणारा सुकदेव कोण? आणि तुम्हाला सांगतो, नानांच्या अंगावर सरसरून काटा आला. घड्याळ शिंदखेड्यात! म्हणजे झोपणारा... जावई!

आता मला सांगा, तुमच्या खिशात जावयाची झोप येऊन पडली तर तुम्ही काय कराल? फोन बाजूला ठेवाल? हॅ! दोघं नवरा-बायको त्या फोनला जे चिकटले ते सकाळ-संध्याकाळ तेच. “उठले का?” “नाही अजून, नाडी अठ्ठावन्न.” “चहाला तरी उठले असतील.” “सहाला उठला होता, दीडशे पावलं चालला, आणि पुन्हा आडवा! थेट दहापर्यंत!” भिकुबाईंनी पदर तोंडाला लावला, “अगो माय! आणि आबा म्हणत होते, चारला उठतो, बूड टेकत नाही!” मेघा कळवळून सांगतेय, “पप्पा, त्याचा मला पहाटे पाचला मेसेज येतो, आठ वाजता खांबावरून फोटो येतो!” नाना म्हणाले, “मेसेज झोपेतूनही करता येतो, फोटो मागचाही असतो. यंत्र खोटं बोलत नाही!” घड्याळ घ्यायला गेला होता हो माणूस, आणि पोटच्या पोरीपेक्षा त्या घड्याळावर विश्वास ठेवून बसला!

पत्रिका छापायला जायच्या होत्या. नानांनी थांबवल्या. अकरा तास झोपणाऱ्याच्या घरी पोरगी द्यायची कशी? मेघा दोन दिवस जेवली नाही. आणि हे स्थळ आणलं होतं कोणी, तर यावलच्या प्रेमराजनं, म्हणजे नानांच्या मेहुण्यानं. नानांनी त्याला असा फैलावर घेतला, असा घेतला, की प्रेमराजच आता नानांपेक्षा जास्त पेटला. रोज सकाळी फोन करून जावयाच्या झोपेचा बाजारभाव विचारू लागला. आणि प्रेमराज म्हणजे कसा? समोरच्यानं हॅलो म्हणायच्या आत सगळं बोलून मोकळा होणारा!

मग तो गुरुवार. सकाळचे साडेदहा. नाना कटाईवर, दोन्ही हात चिकानं माखलेले, फोन पिशवीत, पिशवी झाडाला. प्रेमराजचा फोन आला. वाजतोय वाजतोय, एरवी पहिल्याच रिंगला उचलणारे नाना म्हणाले, वाजू दे. पण एकाच नंबराचं घड्याळ शिंदखेड्यातही वाजत होतं ना! तिथे ओट्यावर न्याहारी चाललेली, व्याहीणबाई भाकरी वाढतायत, आणि वाजलं. कोणीतरी हिरव्या खुणेवर बोट टेकवलं. आणि प्रेमराज सुटला, घड्याळातून, मोठ्यानं, भर ओट्यावर...

“दाजी! उठलं का ते कुंभकर्ण? आज पण सहा ते दहा झोपला ना? रोज सहा ते दहा! पावलं किती, चारशेच ना? अहो, चारशे पावलं तर आमची गाभण म्हैस चालते! मोडा दाजी, मोडून टाका, पत्रिका छापू नका!”

“कोन रे?” घड्याळातून उलटा आवाज आला, आणि प्रेमराजच्या हातातला फोन थरथरला. “कोन बोली राहिना? मी झुलाल बोली राहिनू!”

प्रेमराजनं फोन बंद केला. मग विचार करून पुन्हा एकदा बंद केला. मग नानांच्या बागेवर माणूस पाठवून निरोप धाडला, ‘दाजी, तुमचा फोन झुलालआबांनी उचलला, मी सगळं बोलून बसलो, सगळं संपलं, मी आठ दिवस यावलमध्ये नाही.’

नाना मटकन बांधावर बसले. कालपर्यंत मोडतो मोडतो म्हणणारा माणूस, पण खरोखर मोडायची वेळ आली तेव्हा डोळ्यांपुढे मेघाचं दोन दिवसांचं उपाशी तोंड आलं. आता व्याही काय बोलतील? जावयाची झोप चोरून मोजली म्हणून सगळ्या खान्देशात नाव निघेल! आणि तेवढ्यात फोन. अनोळखी नंबर. नानांनी चिकट हातानंच उचलला. पलीकडून आवाज आला... आणि तुम्हाला सांगतो, इथे नानांना सगळ्यात मोठा धक्का बसला. कारण तो आवाज कुजबुजत होता. झुलालआबा... कुजबुजत होते!

“नाना... शेजारनास्ना फोनवरथीन बोली राहिनू... ते घड्याय मना हातमा शे.”

“तुमच्या हातात?”

तर झालं होतं असं. ललितराव पडले लाइनमन, तारांवर काम, हातात धातूची वस्तू घालायची नाही असा त्यांचा नियम. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशीच घड्याळ घरी काढून ठेवून मुलगा पहाटे चारला उठून धुळ्याला कामावर गेलेला. रोजच जातो. आणि आबांना वाटलं, एवढी भारी वस्तू कपाटात पडून राहिली तर खराब होईल. म्हणून त्यांनी घातली.

“मग ते अकरा तास...” नानांनी विचारलं.

“मनाच,” आबा म्हणाले, म्हणजे झोप त्यांचीच! “आते काय सांगू नाना... रोज सहा वाजता पानी भराले जास सांगीसन निघस. वावरमा निंबना झाडखाल खाट शे. चाळीस वरीस व्हयनात, कोन्ले पत्ता नही! बायकोले नही, आंडोरले नही! आनी तुमना यंत्रनी चार दिनमा बठ्ठं सांगी टाकं! ती भाकरी हातमा धरीसन ईचारस, सहा ते दहा? सहा ते दहा तुमी कोठे ऱ्हातस? नाना, मनी इज्जत तुमना हातमा शे!”

नाना हसावं की रडावं या विचारात. जावई निर्दोष, मेघाचं म्हणणं अक्षर अन् अक्षर खरं, आणि समोर कुजबुजणारा व्याही! म्हणाले, “मग मी काय करू, आबा?”

“तिले फोन करा. सांगा, यंत्र बिघडेल शे.”

ऐकलंत? यंत्र बिघडलंय असं सांगा! दोनशे पाहुण्यांसमोर बांधलेलं, टाकीत बुडवून पारखलेलं, सगळ्यात वरचं, सिमवालं! पण करतो काय? एका बाजूला पत, दुसऱ्या बाजूला पोरगी. नानांनी हात पुसले, व्याहीणबाईंना फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पास केलेल्या मालाला नापास केलं. “ताई, घड्याळ खराब निघालं हो. काहीही आकडे दाखवतंय. आबांसारखा कष्टाळू माणूस, अकरा तास कसा झोपेल?” पलीकडून व्याहीणबाई म्हणाल्या, “तरीच! मी म्हंतू, मानूस बिचारा रोज सकाळ पानी भरस... आनी नाना, लगीनमा तरी जरा चांगलं पाहीसन देज्यात हो.”

चांगलं पाहून द्या! चार दिवस चिकात, पाण्यात, ताणात चाखून दिलेल्याला म्हणे चांगलं पाहून द्या! आता अख्ख्या शिंदखेड्यात ठरलंय, सावद्यावाल्यांनी जावयाला बिघडलेला माल बांधला. बायका मान हलवतात. नाना ऐकून घेतात. घड्याळ घ्यायला गेला होता हो माणूस, आणि काय काय घेऊन आला!

पत्रिका छापल्या. मेघा जेवायला लागली. ललितराव एका रविवारी सावद्याला येऊन म्हणाले, “मामा, घड्याळ तुमच्या फोनमधून काढून आबांच्या फोनला जोडून देऊ का?” आबांनीच नको म्हटलं. व्याह्यांच्या हातची जोडणी आहे, तोडायची नाही, असं म्हणाले. खरं कारण वेगळं. घड्याळावरची काय, फोनवरचीही अक्षरं बारीक, आबांना दिसत नाहीत, आणि घरात कोणाला वाचायला सांगायची सोय राहिलेली नाही. मध्येच नानांचे कॉलही तिकडेच उचलले जातात. परवा रावेरच्या व्यापाऱ्यानं केळीचा भाव विचारला तर आबांनी निंबाखालूनच सांगून टाकलं, “आज भाव नही शे, उद्या उठाडज्यात.”

आणि रोज पहाटे, बरोबर पाच वाजता, सावद्यात नानांचा फोन वाजतो. नाना दचकून उठतात, उशाखाली चाचपडतात. पलीकडे आबा, काळजीच्या स्वरात, “नाना, दखा ना जरा... माले रातले झोप लागनी का?”

नाना डोळे चोळतात, फोन लांब धरतात, आकडे वाचतात, आणि म्हणतात, “लागली, आबा... तुम्हाला लागली.”